जुन्या तबकड्यांचा स्वस्त बाजार : घेताना काय पाहावे, विकताना काय सांगावे

सीडी-डीव्हीडीचा धंदा संपला, असे बाजारात सर्रास बोलले जाते आणि ते बरेचसे खरेही आहे. ज्या गल्लीत एके काळी दोन-दोन व्हिडिओ लायब्ऱ्या चालत होत्या, तेथे आज मोबाइलची कव्हरे आणि चार्जर टांगलेले दिसतात. मुंबईत काळा घोडा भागातील ‘ऱ्हिदम हाऊस’ हे १९४८ पासूनचे नामांकित दुकानही २०१६ साली बंद झाले. मोठ्यांची ही गत, तर छोट्या दुकानदाराची काय कथा!

परंतु धंदा बसला म्हणजे माल संपला, असे होत नाही. चित्रपटांच्या आणि दूरदर्शन मालिकांच्या असंख्य तबकड्या आजही घरांच्या माळ्यांवर, बंद लायब्ऱ्यांच्या कपाटांत आणि वितरकांच्या गोदामांत पडून आहेत. घर बदलताना, दुकान रिकामे करताना त्या रद्दीच्या भावाने बाहेर पडतात. दुसरीकडे त्या शोधणारे गिऱ्हाईकही उरले आहे. कोणाला जुने मराठी नाटक हवे असते, कोणाला दूरदर्शनची एखादी मालिका, तर कोणी घरच्या वडीलधाऱ्यांसाठी जुने चित्रपट शोधत असतो. या दोघांच्या मध्ये उभे राहून चार पैसे मिळवता येतात. आमचे अनेक व्यापारी बांधव रद्दी, भंगार, जुना बाजार आणि इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्ती या व्यवसायांत आहेत. त्यांच्यासाठी हा जोडधंदा होऊ शकतो.

मात्र या बाजारात ‘स्वस्त’ हा शब्द फार फसवा आहे. वीस रुपयांची तबकडी चालली नाही तर ती वीस रुपयांना महाग. ती चोरून बनवलेली निघाली तर नुसते वीस रुपये जात नाहीत, दुकान आणि अब्रू दोन्ही धोक्यात येतात. म्हणून भाव विचारण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात : तबकडी अस्सल आहे का, आणि ती चालते का. या दोन्ही परीक्षा उतरल्या तरच स्वस्ताईचा हिशेब मांडण्यात अर्थ आहे.

भाव कोसळले कसे

हा माल इतका स्वस्त का झाला, हे समजून घेतले तर खरेदी करताना उपयोग होतो. व्हीसीडीचा नमुना १९९३ साली ठरला. सोनी, फिलिप्स, मात्सुशिता आणि जेव्हीसी या कंपन्यांनी मिळून तो ठरवला होता. एका व्हीसीडीत साधारण ७४ ते ८० मिनिटांचे चित्र मावते. त्यामुळे आपला अडीच-तीन तासांचा चित्रपट दोन किंवा तीन तबकड्यांत विभागावा लागे. पुढे १९९६ च्या अखेरीस जपानमध्ये डीव्हीडी आली. तिच्या एका थरात ४.७ जीबी आणि दोन थरांत सुमारे ८.५ जीबी माहिती राहते. त्यामुळे पूर्ण चित्रपट एकाच तबकडीत बसू लागला आणि चित्रही कितीतरी स्वच्छ दिसू लागले.

आपल्याकडे बरीच वर्षे अस्सल डीव्हीडी सामान्य माणसाच्या खिशाला परवडत नव्हती. किंमत शेकड्यांत, आणि तोच चित्रपट फूटपाथवर चोरट्या प्रतीत तीस-चाळीस रुपयांना. लोक कोठे वळणार हे सांगायला नको. २००७ साली ‘मोझर बेअर’ या कंपनीने हे गणित उलटे केले. कोऱ्या तबकड्या बनवणाऱ्या या कंपनीने चित्रपटांचे हक्क घेतले आणि अस्सल व्हीसीडी २८ रुपयांना व डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणली. नक्कल आणि अस्सल यांच्या भावातला फरकच मिटला. किराणा दुकानापासून बसस्थानकावरच्या पेपरवाल्यापर्यंत सर्वत्र तबकड्या लटकू लागल्या. इतर कंपन्यांनाही भाव उतरवावे लागले, आणि एका डीव्हीडीत दोन-तीन चित्रपट देण्याची पद्धत रूढ झाली.

आज जुन्या बाजारात जो माल दिसतो, त्यातला बराच मोठा भाग याच काळातला आहे. तो मुबलक निघाला, म्हणून त्याला भाव कमी. पुढे स्वस्त इंटरनेट आणि मोबाइल आले आणि मागणीच आटली. मोझर बेअरचे प्रकरण २०१७ साली दिवाळखोरी कायद्याखाली गेले आणि २०१८ साली कंपनी मोडीत काढण्याचा आदेश झाला. परदेशातही तेच घडले. अमेरिकेत १९९८ पासून टपालाने डीव्हीडी भाड्याने देणाऱ्या ‘नेटफ्लिक्स’ने ती सेवा सप्टेंबर २०२३ मध्ये कायमची थांबवली. सोनी कंपनीने कोऱ्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केले.

यातून व्यापाऱ्याने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नवा माल येण्याचा झरा आटत चालला आहे. जे चित्रपट भरमसाट छापले गेले ते अजून बरीच वर्षे मातीमोल राहतील. जे थोडे छापले गेले ते मात्र हळूहळू दुर्मिळ होतील. दोन्ही आज एकाच ढिगात, एकाच भावाने पडलेले असतात. ते वेगळे ओळखणे हेच या धंद्यातले कसब.

माल कोठे मिळतो

मुंबईत चोर बाजारातील मटन स्ट्रीट हे जुन्या वस्तूंचे प्रसिद्ध ठिकाण. तेथील पक्की दुकाने शुक्रवारी बंद असतात, पण त्याच दिवशी सकाळी रस्त्यावर जुमा बाजार भरतो. निवडलेला माल दुकानात आणि न निवडलेला माल रस्त्यावर, असा साधारण हिशेब समजावा. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार आहे. लॅमिंग्टन रोडवर तबकड्यांपेक्षा प्लेअर आणि त्यांचे सुटे भाग मिळतील.

परंतु खरा स्वस्त माल बाजारात येण्याआधीच मिळतो. त्याची तीन ठिकाणे आहेत. पहिले म्हणजे रद्दीवाला. घरातून निघालेल्या तबकड्या तो प्लास्टिकच्या भावाने घेतो आणि त्यात काय आहे हे पाहत बसत नाही. दुसरे, बंद पडलेली लायब्ररी. तेथे माल मोठा असतो, पण पुष्कळ हात लागून घासलेला. तिसरे, वितरकाकडचा न विकलेला शिल्लक माल. हा सीलबंद असतो, म्हणून सर्वांत चांगला. परंतु त्यात एकाच चित्रपटाच्या शंभर प्रती निघू शकतात. यादी पाहिल्याशिवाय असा लॉट उचलू नये.

अस्सल की नक्कल

येथे सर्वांत जास्त काळजी घ्यावी लागते. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्यातील कलम ५२-अ प्रमाणे चित्रपटाच्या विक्रीच्या प्रतीवर तीन गोष्टी असाव्या लागतात : सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत, प्रत बनवणाऱ्याचे नाव-पत्ता व त्याने हक्कदाराची परवानगी घेतल्याचे निवेदन, आणि हक्कदाराचे नाव-पत्ता. या गोष्टी वेष्टनावरही हव्यात आणि तबकडी लावल्यावर पडद्यावरही दिसायला हव्यात. वेष्टन उलटे करून मागची बारीक अक्षरे वाचण्याची सवय लावून घ्यावी. जेथे कंपनीचा पत्ताच नाही, तेथे माल खाली ठेवावा.

तबकडी हातात घेतल्यावरही बरेच कळते. कारखान्यात साच्यातून छापलेल्या तबकडीची खालची बाजू चांदीसारखी, काही दोन थरांच्या डीव्हीडींची किंचित सोनेरी असते. घरच्या संगणकावर उतरवलेल्या तबकडीची खालची बाजू हिरवट, निळसर किंवा जांभळट झाक मारते. चित्रपट कंपनीचे नाव वर आणि जांभळी झाक खाली, असे दिसले तर ती नक्कल समजावी. शिवाय मधल्या छिद्राभोवतीच्या पारदर्शक कड्यावर उजेडात पाहिले तर बारीक अक्षरे दिसतात. १९९४ पासून तेथे ‘आयएफपीआय’ या अक्षरांसह कारखान्याची खूण कोरण्याची पद्धत सुरू झाली. मोठ्या चोरट्या टोळ्या चांदीच्या तबकड्याही छापत असत, म्हणून एकच खूण पुरेशी मानू नये. वेष्टनाची छपाई धूसर, एकाच तबकडीत पाच-सहा नवे चित्रपट, निरनिराळ्या कंपन्यांचे चित्रपट एकत्र, ही सगळी नकलेची लक्षणे आहेत.

‘मी कोठे बनवली, मी तर फक्त विकतो’ हे उत्तर कायद्यापुढे चालत नाही. नक्कल आहे हे माहीत असून ती विकणाऱ्यालाही कलम ६३ खाली सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून २ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केले. उपनिरीक्षक दर्जाच्या पोलिस अधिकाऱ्याला वॉरंटशिवाय माल जप्त करता येतो. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे महाराष्ट्रात झोपडपट्टी दादा, हातभट्टीवाले आणि अमली पदार्थांचे गुन्हेगार यांना स्थानबद्ध करण्यासाठी जो १९८१ चा कायदा आहे, त्यात २००९ साली ‘व्हिडिओ पायरेट’ हा वर्ग घालण्यात आला. म्हणजे फूटपाथवर नकली सीडी विकणारा गरीब पोरगा कायद्याने कोणाच्या रांगेत जाऊन बसतो, याचा विचार करावा. मोठा माल बनवणारा क्वचितच सापडतो, हातगाडीवाला मात्र हमखास सापडतो. चाळीस रुपयांच्या मालात पाच रुपये सुटतात म्हणून कोणी आपल्या मुलाला या धंद्यात बसवू नये. आणि दुसऱ्याच्या मेहनतीची चोरी करून आलेल्या पैशाला हलाल कमाई कसे म्हणायचे, हाही प्रश्न आहेच.

तबकडी चालते का

अस्सल असूनही तबकडी मेलेली असू शकते. ती ओळखण्यासाठी तिची रचना माहीत हवी. सीडी, व्हीसीडी व डीव्हीडी या सगळ्यांचा व्यास १२ सेंटिमीटर आणि जाडी १.२ मिलिमीटर. पण आतली रचना वेगळी. व्हीसीडीत चकाकणारा थर वरच्या बाजूला, लेबलच्या अगदी खाली असतो. त्यामुळे लोक खालच्या ओरखड्यांना घाबरतात, पण खरा घात लेबलच्या बाजूने होतो. लेबलावर टोकदार ओरखडा पडला किंवा चिकटपट्टी काढताना पापुद्रा निघाला की त्या जागची नोंदच गेली. तिला दुरुस्ती नाही. व्हीसीडी उजेडासमोर धरावी. बारीक छिद्रांतून प्रकाश दिसला तर ती घेऊ नये.

डीव्हीडीत दोन पातळ चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात आणि नोंद त्यांच्या मध्ये सुरक्षित असते. तिचे लेबल खरवडले तरी सहसा बिघडत नाही. तिच्या कडा मात्र पाहाव्यात. दोन थर सुटू लागले असतील, कडेला डाग किंवा ढगाळ वलय दिसत असेल, तर ती फार दिवस टिकणार नाही.

खालच्या बाजूच्या ओरखड्यांतही फरक असतो. मध्यापासून कडेकडे गेलेला सरळ ओरखडा प्लेअर बहुधा ओलांडून जातो. गोल फिरलेला ओरखडा अधिक वाईट, कारण नोंदीची रेघही गोल फिरते आणि लांबवरची नोंद एकदम झाकली जाते. म्हणूनच तबकडी पुसताना मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे पुसावी, गोल फिरवून पुसू नये. ओशट डाग असतील तर साध्या पाण्यात थोडा सौम्य साबण पुरतो. थिनर, पेट्रोल यांच्या वाटेला जाऊ नये, प्लास्टिक पांढरे पडते.

कोकणपट्टीतल्या व्यापाऱ्यांनी आणखी एक पाहावे. पावसाळ्यातल्या दमटपणाने पिशवीतला छापील कागद तबकडीला चिकटतो. तो ओढून काढू नये, आधी कोरड्या हवेत ठेवावा. वेष्टन खराब झाले की मालाची निम्मी किंमत गेली, हे संग्राहक गिऱ्हाइकाच्या बाबतीत अगदी खरे आहे.

शक्य असेल तेथे तबकडी लावून पाहावी. पहिली पाच मिनिटे पाहून समाधान मानू नये. नोंद आतून बाहेर जाते, म्हणून चित्रपटाचा शेवट कडेला असतो, आणि हाताळणीने कडाच आधी खराब होते. सुरुवात, मध्य आणि शेवटची दहा मिनिटे, अशा तीन जागी चालवून पाहावे. व्हीसीडीच्या संचात दोन्ही-तिन्ही तबकड्या आहेत का, आणि त्या त्याच चित्रपटाच्या आहेत का, हे मोजून घ्यावे. लायब्ररीच्या मालात पहिली तबकडी एका चित्रपटाची आणि दुसरी भलत्याच, असे सर्रास आढळते.

आखातातून आलेला माल

आमच्या कोकणातील अनेक घरांतली माणसे दुबई, कुवेत, सौदीत नोकरीला असतात. सुटीवर येताना त्यांनी आणलेल्या डीव्हीडी आता जुन्या बाजारात येऊ लागल्या आहेत. त्या घेताना वेष्टनामागचे पृथ्वीगोलाचे चिन्ह आणि त्यातला आकडा पाहावा. डीव्हीडी काढणाऱ्या कंपन्यांनी जगाचे विभाग पाडले आहेत. भारत आणि पाकिस्तान विभाग ५ मध्ये, आखाती देश, युरोप आणि जपान विभाग २ मध्ये, तर अमेरिका विभाग १ मध्ये येते. विभाग २ ची तबकडी फक्त विभाग ५ साठी बांधलेल्या प्लेअरवर चालत नाही. हिंदी चित्रपटांच्या बहुतेक डीव्हीडींवर असे बंधन नसते, इंग्रजी चित्रपटांवर असते. ब्लू-रेची विभागणी आणखी वेगळी : भारत ‘सी’, आखात व युरोप ‘बी’, अमेरिका व जपान ‘ए’. गिऱ्हाइकाचा प्लेअर कोणता हे विचारल्याशिवाय अशी तबकडी देऊ नये. घरी जाऊन चालली नाही की तो दोष तुम्हालाच देणार.

लॉटचा खरा हिशेब

आता भावाकडे वळू. समजा, शंभर डीव्हीडींचा लॉट १,००० रुपयांना मिळाला. वरवर पाहता एक तबकडी १० रुपयांना पडली. परंतु तपासणीत २० चालत नाहीत आणि १५ नकली निघाल्या, असे धरू. हातात ६५ उरल्या. साफसफाई आणि नव्या पिशवीचा खर्च प्रत्येकी २ रुपये धरला तर १३० रुपये आणखी लागले. एकूण १,१३० रुपये भागिले ६५, म्हणजे एक तबकडी सुमारे साडेसतरा रुपयांना पडली. त्यात तपासणीला गेलेला वेळ धरलेलाच नाही. जो व्यापारी १० रुपये धरून १५ ला विकेल, तो रोज विक्री करूनही तोट्यात राहील आणि तोटा कोठे होतो हे त्याला कळणारही नाही.

यावर उपाय दोन. एक, लॉटमधल्या दहा तबकड्या कुठूनही उचलून तपासाव्यात आणि त्यावरून भाव ठरवावा. दोन, ढिगातल्या दहा-पंधरा चांगल्या नगांवरच सगळा खर्च निघेल का, ते पाहावे. निघत असेल तर बाकीचा माल फुकट पडला. निघत नसेल तर लॉट सोडून द्यावा. तो दुसऱ्या आठवड्यातही तेथेच सापडेल.

वाया गेलेल्या तबकड्याही पूर्ण वाया जात नाहीत. त्या पॉलिकार्बोनेट या चांगल्या प्लास्टिकच्या असतात. एकीचे वजन सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे किलोला साठ-पासष्ट लागतात. त्या वेगळ्या ठेवून प्लास्टिकच्या भंगारात द्याव्यात, जाळू मात्र नयेत. नकली तबकड्या भंगारात देण्याआधी मोडाव्यात, नाही तर त्या फिरून पुन्हा बाजारात येतात.

कोणता माल राखून ठेवावा

मोझर बेअरच्या काळातले गाजलेले हिंदी चित्रपट कोठेही मिळतात, त्यांच्यावर पैसे अडकवू नयेत. मराठी नाटकांच्या तबकड्या, जुन्या कलावंतांच्या मैफली आणि दूरदर्शन मालिकांचे पूर्ण संच यांचे गिऱ्हाईक वेगळे. गुलजार यांची १९८८ ची ‘मिर्झा गालिब’, श्याम बेनेगल यांची ५३ भागांची ‘भारत एक खोज’ अशा मालिकांना उर्दू-हिंदी साहित्याचे चाहते, शिक्षक आणि वाचनालये यांच्याकडून मागणी येऊ शकते. मालिकेच्या संचात एक तबकडी जरी कमी असली तरी भाव निम्म्याने उतरतो. म्हणून भाग क्रमाने आहेत का ते पाहावे आणि संच कधी फोडून विकू नये.

हीच गोष्ट आमच्या मालेगावची. यंत्रमागावर राबणाऱ्या या गावात नासिर शेख यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला आणि स्थानिक व्हिडिओ पार्लरमध्ये तो लोकांनी डोक्यावर घेतला. पुढे त्यावर फैझा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला, तर २०२५ साली रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा चित्रपट चित्रपटगृहांत आला. खानदेशातल्या अशा घरगुती विनोदी चित्रपटांचे आजचे ठिकाण इंटरनेट आहे. पण त्यांची जुनी अस्सल तबकडी एखाद्या ढिगात सापडली, तर ती दहा रुपयांना देऊन टाकण्याची वस्तू नव्हे. गावाच्या कारागिरांची ती आठवण आहे, आणि आठवणीला गिऱ्हाईक मिळते.

असा माल घेणारा माणूस विचारतो, सगळे मोबाइलवर मिळत असताना तबकडी कशाला? उत्तर सोपे आहे. इंटरनेटवरचा चित्रपट करार संपला की निघून जातो, मासिक वर्गणी थांबली की बंद होतो. कपाटातली तबकडी कोणी काढून नेत नाही. हे ज्याला पटते तोच तुमचा गिऱ्हाईक, त्याला घासाघीस करून दमवू नये.

प्लेअर दुरुस्तीचे काम

तबकडी विकायची तर प्लेअर हवा, आणि नवे प्लेअर दुकानांत फारसे दिसत नाहीत. सॅमसंगने २०१९ साली अमेरिकी बाजारासाठी नवे ब्लू-रे प्लेअर काढणे थांबवले. म्हणून जुने प्लेअर दुरुस्त करून देणाऱ्या कारागिराला येथे काम आहे. बहुतेक दोष तीनच : लेन्सवर धूळ, ट्रे ओढणारा रबरी पट्टा सैल होणे, आणि लेझर क्षीण होणे. डीव्हीडी प्लेअर व्हीसीडी वाचतो पण डीव्हीडी वाचत नाही, अशी तक्रार नेहमी येते. कारण सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा आणि डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा असे दोन लेझर असतात, त्यातला दुसरा थकलेला असतो. पुष्कळ साध्या प्लेअरमध्ये ‘केएचएम ३१३’ या जातीचे लेन्स युनिट असते आणि ते बदलता येते. नव्या टीव्हीला पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांची जागा नसते. अशा वेळी एचडीएमआय कन्व्हर्टर लागतो. तबकडी, दुरुस्त प्लेअर आणि कन्व्हर्टर असा पूर्ण संच दिला तर गिऱ्हाईक दुसरीकडे जात नाही.

याच कामाला जोडून लोकांच्या लग्नाच्या जुन्या कॅसेट आणि सीडी पेनड्राइव्हवर उतरवून देण्याचे काम घेता येते. ती नोंद घरच्यांची, त्यांच्याच सांगण्यावरून उतरवायची. चित्रपटाच्या प्रती काढून विकणे आणि हे काम यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मूळ कॅसेट परत देईपर्यंत ती अमानत समजावी.

विक्री आणि भाडे : कायद्यातला फरक

जुनी अस्सल तबकडी पुन्हा विकावी का, अशी शंका काही जण काढतात. पूर्वी कायद्यात अशी शब्दरचना होती की, चित्रपटाची प्रत एकदा विकली गेली असली तरी पुढच्या विक्रीचा व भाड्याचा हक्क मालकाकडेच राहावा. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली त्याच आधारे परदेशातून आणलेल्या डीव्हीडी भाड्याने देण्यास मनाई केली. २०१२ च्या दुरुस्तीत ते शब्द काढून टाकण्यात आले. त्यामुळे भारतात रीतसर विकली गेलेली अस्सल प्रत पुन्हा विकणाऱ्याची बाजू भक्कम झाली. व्यापारी तत्त्वावर भाड्याने देणे मात्र आजही परवानगीचे काम आहे. नफा न कमावणारी ग्रंथालये आणि शिक्षणसंस्था यांना त्यातून वगळले आहे. परदेशातून मोठा माल मागवायचा असेल तर आधी वकिलाचा सल्ला घ्यावा.

कराबाबत थोडक्यात असे : महाराष्ट्रात फक्त मालाची विक्री करणाऱ्याला वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांपर्यंत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. ज्यांची नोंदणी आहे, त्यांना जुन्या मालावर नियम ३२(५) प्रमाणे पूर्ण किमतीऐवजी खरेदी-विक्रीतील फरकावर कर भरण्याची सोय आहे. खरेदीवरच्या कराची वजावट घेतलेली नसावी, ही त्याची अट. रद्दीवाल्याकडून घेतलेल्या मालाचीही तारीख, नग आणि रक्कम वहीत लिहून ठेवावी. उद्या कोणी विचारले तर माल कोठून आला हे दाखवता आले पाहिजे.

शेवटी विकणाऱ्याचे कर्तव्य. आपण तपासून घेतलेल्या तबकडीत जो दोष दिसला, तो गिऱ्हाइकाला सांगून विकावा. ‘शेवटी दोन जागी अडकते, म्हणून दहा रुपये कमी’ असे पिशवीवरच लिहून ठेवावे. ओरखडा झाकून पाच रुपये जास्त मिळतील, पण तो माणूस परत येणार नाही, आणि या धंद्यात गिऱ्हाइके इतकी थोडी उरली आहेत की एकही गमावणे परवडत नाही. चालत नसल्यास आठ दिवसांत परत, एवढा शब्द दुकानदाराने दिला आणि पाळला, तर जुन्या मालाच्या बाजारात त्याचे नाव होईल. नाव झाले की माल स्वतःहून दाराशी येतो.